नवव्या खोलीचं दार : अ‍ॅडव्हेंचरांच्या परीक्षण मंडळाला खुलं पत्र

परीक्षक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या मंडळानं दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळासाठी बाहेरच्या लेखकांनी लिहिलेल्या, वर्षातल्या दहा उत्तम थर्ड पार्टी अ‍ॅडव्हेंचरांची यादी. दुसरी, पुढच्या वर्षापासून यादीत येणाऱ्या पुस्तकांना मंडळाचा गुणवत्तेचा शिक्का, जो प्रकाशकाला मुखपृष्ठावर छापता येईल. यादीबद्दल मी काही बोललो नसतो, आवडनिवड ज्याची त्याची. शिक्क्याबद्दल मात्र गप्प बसवत नाही, कारण शिक्के मारणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

चाकणच्या एका कारखान्यात मी १९ वर्षं इनकमिंग इन्स्पेक्शनला आहे. बाहेरच्या पुरवठादारांकडून सुटे भाग येतात, आम्ही ड्रॉइंग उघडतो, गेज लावतो आणि ठरवतो: ओके, रिजेक्ट, नाहीतर रीवर्क, म्हणजे दुरुस्त करून घेणं. आणि रविवारी दुपारी चार ते आठ चिंचवडच्या आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, हा खेळ चालवणारा असतो. त्यालाही नऊ वर्षं झाली. टेबलाभोवती अकरावीतली माझी भाची, टूल रूममधला एक मित्र, एक निवृत्त शाळामास्तर आणि वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्ट बाई.

हे पत्र तुम्हाला आहे, पण ते वाचणाऱ्या सगळ्यांनीच हा खेळ पाहिलेला नसेल. त्यांच्यासाठी थोडक्यात: १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हापासून लोक टेबलाभोवती बसून, फासे टाकून, तोंडी गोष्ट खेळताहेत. खेळाडू एकेक पात्र चालवतात, बाकीचं सगळं जग डीएम चालवतो. जग रोज नव्यानं रचायला वेळ नसतो म्हणून तयार अ‍ॅडव्हेंचर विकत मिळतं: नकाशा, खोल्या, राक्षस, खजिना, माणसं. मूळ कंपनीखेरीज दुसऱ्या कोणी लिहिलं की ते थर्ड पार्टी. गाडी एकाची, सुटे भाग दुसऱ्याचे.

आणि सुटे भाग दुय्यमच असतात असं मुळीच नाही. इलिनॉयमधल्या डेकेटर गावात १९७६ साली सुरू झालेली जजेस गिल्ड ही बाहेरचीच कंपनी. तिच्यासाठी जेनेल जॅक्वेज यांनी १९७९ साली ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ लिहिलं. आत शिरायला एकापेक्षा जास्त वाटा, मजल्यामजल्यांना जोडणारे जिने आणि भगदाडं, फिरून त्याच जागी दुसऱ्या बाजूनं येता येईल अशी वळणं. आजही भुयाराचा नकाशा कसा असावा असं कोणी विचारलं की जाणती माणसं त्याच पुस्तकाकडे बोट दाखवतात. जॅक्वेज पुढे व्हिडिओ गेमच्या लेव्हली रचायला गेल्या, यात नवल नाही. तेव्हा माझी तक्रार थर्ड पार्टीवाल्यांबद्दल नाही. ती तुमच्याबद्दल आहे.

आता दाराची गोष्ट.

तुमच्या यादीत तिसऱ्या नंबरावर एक पुस्तक आहे. नाव घेत नाही, कारण पुढे दिसेल की लेखक भला माणूस आहे. ६४ पानांची पीडीएफ, मला साडेआठशे रुपयांच्या आसपास पडली. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, चार पात्रांसाठी, डोंगराखालच्या एका पडक्या टांकसाळीची गोष्ट. तुमच्या परीक्षणात तिला पाच तारे होते आणि ‘वातावरण जबरदस्त, नकाशे देखणे, डोळे झाकून घ्या’ असं लिहिलं होतं. मी डोळे झाकून घेतली.

दुसऱ्या रविवारी मंडळी नवव्या खोलीच्या दाराशी पोचली. पान २२ सांगतं की हे दार फक्त तांब्याच्या किल्लीनं उघडतं. कुलूप फोडता येत नाही, जादूही चालत नाही. ठीक. किल्ली कुठे? पान ३१, खोली १४, विझलेल्या भट्टीच्या राखेत. आणि नकाशात खोली १४ ला जायला एकच वाट आहे. खोली ९ मधून.

मी पानं पुढे-मागे करतोय, घाम पुसतोय, आणि चौघं माझ्याकडे बघताहेत. चोराचं पात्र चालवणाऱ्या भाचीच्या ते आधी लक्षात आलं. म्हणाली, ‘‘मामा, किल्ली आत आणि आम्ही बाहेर. मग आम्ही आलोच कशाला?’’

कारखान्यात असं ड्रॉइंग आलं असतं, की बोल्ट आवळायची जागा वेल्डिंग करून बंद केलेल्या पेटीच्या आतच आहे, तर ते पहिल्या तासाला परत गेलं असतं. क्लब हाउसमध्ये परत पाठवायची सोय नसते. मी डोकं खाजवलं आणि म्हटलं, पाणी झिरपून झिरपून दाराची खालची बिजागरी गंजून गेली आहे. टूल रूमवाल्या मित्राच्या डोळ्यांत चमक आली. बिजागरीची पिन पहारीनं कशी वर काढायची याचा बेत त्यानं पंधरा मिनिटं रंगवला, डेंटिस्ट बाईंनी तेल ओतलं, भाचीनं आवाज होऊ नये म्हणून घोंगडी धरली. दार आडवं झालं. टाळ्या पडल्या. घरी जाताना मास्तर म्हणाले, ‘‘आजचं पुस्तक झकास होतं हो.’’

पुस्तक नव्हतं, मास्तर. बिजागरी माझी होती.

त्या रात्री मी तुमच्या मंडळाला विचारलं की यादीतली दहापैकी किती अ‍ॅडव्हेंचरं खेळून पाहिली. उत्तर आलं, आणि प्रामाणिकपणे आलं म्हणून आभार: दोन. बाकीची वाचून. ‘वाचून अंदाज येतोच, आणि खेळून बघायला वेळ कोणाला आहे?’ चार दिवसांनी शिक्क्याची घोषणा झाली. तेव्हा हे पत्र लिहायला घेतलं.

पहिली तक्रार सरळ आहे. न खेळलेल्या पुस्तकाला तुम्ही खेळल्यासारखे गुण देता. ‘टेबलावर मजा येईल’ असं तुमच्या परीक्षणात आहे. येईल, आली नव्हे. त्या एका शब्दावर वाचक फसतो. ते दार हाच पंचनामा आहे. ज्यानं पुस्तक चालवलं त्याला दार अडणारच, आणि दार अडलं तर तो ते लिहिणारच. वाचताना ते दिसत नाही, कारण अट पान २२ वर आहे, किल्ली ३१ वर आणि नकाशा शेवटच्या पानावर. वाचणारा गोष्टीच्या मागे जातो. खेळणारा वाटेच्या मागे जातो. अ‍ॅडव्हेंचर ही कादंबरी नाही, ते कामाचं ड्रॉइंग आहे. ड्रॉइंग छान दिसतं म्हणून कोणी पास करत नाही. त्यावरून भाग बनतो का आणि बसतो का, ते बघतात.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त छळते, आणि तिच्याबद्दल बोलताना कोणी आढळत नाही. समजा उद्या तुम्ही दहाच्या दहा पुस्तकं खेळून पाहिली. तरी तुमचं परीक्षण खरं होईलच असं नाही. कारण रीवर्क लपतं.

आमच्याकडे असेंब्ली लाइनवर एक जुना फिटर होता. भाग केसभर जाड आला की तो कानस काढायचा, घासून बसवायचा, पुढे ढकलायचा. तक्रार नाही, कागद नाही. त्याचा हात इतका सफाईदार, की तीन महिने त्या पुरवठादाराची नोंद शंभर टक्के ओके. फिटर रजेवर गेला त्या दिवशी लाइन बंद पडली. चांगला डीएम हा तो फिटर असतो. कच्चा दुवा दिसला की तो हातचं घालतो. एका माणसाला नाव नाही तर नाव देतो, खलनायकाला हेतू नाही तर हेतू देतो, बंद दाराला गंजकी बिजागरी देतो. खेळाडूंना सांधा दिसत नाही. ते उठून जातात आणि पुस्तकाची स्तुती करतात. डीएमलासुद्धा आठवड्यानं आठवत नाही की यातलं छापलेलं किती आणि आपलं किती. मग तो पाच तारे देतो, आणि ते तारे त्याचे स्वतःचे असतात. त्या ताऱ्यांवर विसंबून सांगलीतली एखादी पोरगी पहिल्यांदा डीएम होऊन बसते, तिच्या हातात कानस नसते, आणि तिचं टेबल नवव्या खोलीपाशी मोडतं. तिला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

म्हणून पुस्तक जोखायचं तर ‘मजा आली का’ हा प्रश्न अपुरा आहे. विचारायला हवं की किती ठिकाणी हात घालावा लागला. टांकसाळीच्या पुस्तकात मी मोजलं: तीन सेशनमध्ये अकरा ठिकाणी. त्यातली चार माझी हौस म्हणून सोडून द्या. सात ठिकाणी पुस्तकच अडलं होतं.

तिसरी तक्रार गणिताची. कोणी गणित करत नाही. मास्तरांच्या भाषेत, उत्तर बरोबर पण पायऱ्या कुठे आहेत?

टांकसाळीत शिरताच राखेतले सहा उंदीर अंगावर येतात. लेखकानं नवा राक्षस रचलाय, एकेकाचे ५० एक्सपी, म्हणजे तो हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण, आणि लिहिलंय ‘हलकी चकमक’. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडप्रमाणे, म्हणजे डीएमसाठीच्या नियमपुस्तकाप्रमाणे, हिशेब करा. सहा गुणिले पन्नास, तीनशे. शत्रू तीन ते सहा असतील तर दुप्पट धरायचे, म्हणजे सहाशे. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ‘प्राणघातक’ची रेघ कुठे? माणशी शंभर, चारशेवर. म्हणजे हलकी चकमक प्राणघातकच्या दीडपट झाली. आता तेच २०२४ च्या सुधारित गाइडनं करा. त्यात दुप्पट करायची भानगडच काढून टाकली आहे. तीनशे म्हणजे चौघांसाठी बरोबर मध्यम. उंदीर तेच, टेबल तेच, आणि नियमाचं पुस्तक बदललं की एक निकाल सरकून दुसरा होतो. पुस्तकावर मात्र नुसतं ‘फाइव्ह ई ला (पाचव्या आवृत्तीला) चालेल’ एवढंच छापलंय, आणि तुमच्या परीक्षणात तेवढंही नाही. आमच्याकडे दुसऱ्या फेरीत चौघांपैकी दोघे आडवे होते. मास्तरांचा जादूगार त्यातलाच एक. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचा जीव तो केवढा.

नव्या राक्षसांचा मुद्दा इथे टाळता येत नाही. २०२३ च्या जानेवारीत, बाहेरच्यांना या खेळासाठी लिहू देणाऱ्या परवान्यावरून मोठा गदारोळ झाला, त्यानंतर मूळ कंपनीनं नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. बाहेरच्या लेखकांना त्यानं निर्धास्त केलं, हे चांगलंच झालं. पण बिहोल्डर, माइंड फ्लेअर यांसारख्या काही नामांकित राक्षसांचे तक्ते त्या खुल्या गाभ्यात नाहीत. मग बाहेरचा लेखक स्वतःचे राक्षस रचतो. म्हणजे थर्ड पार्टी पुस्तकात सगळ्यात कमी तपासलेली वस्तू कोणती असेल तर ती हीच. आणि तुम्ही तिच्याबद्दल काय लिहिता? ‘राक्षस कल्पक आहेत.’ चित्र कल्पक आहे, हो.

एवढं बोलून लगेच सांगतो की प्राणघातक म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. गायगॅक्सचं ‘टूम ऑफ हॉरर्स’ १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनात स्पर्धेसाठी चालवलं गेलं. तिथे पात्रांनी पटापट मरणं हाच खेळाचा भाग. ते रविवारच्या निवांत टेबलाच्या मापानं मोजणं हा अन्याय होईल. माप हेतूप्रमाणे घ्यावं. जिथे पळता येतं, बोलणी करता येतात, आधी उंदरांच्या लेंड्या तरी दिसतात, तिथे सहाशेच काय हजारही चालतील. टांकसाळीच्या दाराला मात्र मागे फिरायची वाट नव्हती. आत पाऊल टाकताच जाळी पडते. हा हेतू नाही, हा हिशेब चुकला.

गणिताचीच धाकटी बहीण म्हणजे एकुलता एक धागा. पाचव्या खोलीत भिंतीवर एक खूण आहे, ती दिसली तरच पुढची वाट कळते. डीसी १५, म्हणजे फासा आणि बोनस मिळून निदान १५ हवेत, आणि पुस्तक सांगतं की पुढे असलेल्या पात्रानं फासा टाकावा. त्याचा बोनस +३ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा वर हवेत; वीसपैकी नऊ आकडे, म्हणजे ४५ टक्के. निम्म्याहून जास्त टेबलांवर गोष्ट पाचव्या खोलीत संपते. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन लेखकानं सांगितलेला तीन धाग्यांचा नियम तुम्हाला माहीत आहेच: खेळाडूंना जे कळायलाच हवं त्यासाठी निदान तीन धागे ठेवा. तसेच तीन वेगवेगळे धागे असते तर तिन्ही हुकायची शक्यता साधारण १७ टक्के. ४५ आणि ८३ यांतला हा फरक कागदावर पेन्सिलीनं एका मिनिटात निघतो. दहा परीक्षणांत एकदाही निघाला नाही.

चौथी तक्रार मोठ्यानं वाचायच्या मजकुराची. चौकटीत छापलेला तो इंग्रजी उतारा मला टेबलावर मराठीत सांगावा लागतो, कारण मास्तरांना इंग्रजी कळतं पण रंगत नाही. हा उल्था करताना एक फायदा होतो: माल किती आणि भुसा किती ते ताबडतोब कळतं. आठव्या खोलीचा उतारा पान भरून होता. धुकं, शतकांचं मौन, विस्मृतीत गेलेल्या कारागिरांची हळहळ. मराठीत आणल्यावर उरलं काय? मोठी खोली, मधे तुटका साचा, छतावर काहीतरी हलतंय. आणि ‘हलतंय’ हे शेवटच्या ओळीत. तोवर डेंटिस्ट बाईंनी चहा ओतून घेतला होता. याच उताऱ्यांसाठी तुम्ही ‘लेखनशैली’ला दहापैकी दहा दिलेत. ही शैली डीएमनं एकट्यानं घरी वाचायची आहे की चार माणसांसमोर बोलायची? मोठ्यानं वाचून पाहिली असती तरी पुरलं असतं. तेवढ्याला टेबलही लागत नाही.

पाचवी, थोडक्यात: तुमच्या दहापैकी किती पुस्तकं प्रकाशकानं फुकट पाठवली, हे यादीत कुठे लिहिलेलं नाही. फुकट प्रत घेण्यात लाज नाही. लपवण्यात आहे.

तुमची बाजू मला कळते. मंडळात सात-आठ जण, सगळे नोकरी करणारे, आणि दर महिन्याला पीडीएफचा ढीग. एक सेशन म्हणजे चार माणसांचे चार तास. पण म्हणून शिक्का मारायचा आग्रह कोणी केला होता? वाचून लिहिलेल्या परीक्षणालाही किंमत आहे, ते ‘वाचून लिहिलं’ असं म्हणत असेल तर. मोठ्या पुरस्कारांचं नावही पुढे करू नका. जेन कॉन या अमेरिकेतल्या खेळांच्या संमेलनात दिले जाणारे एनी पुरस्कार शेवटी लोकांच्या मतांनी ठरतात, ते उघड असतं, आणि त्यांना कोणी चाचणीचा दाखला म्हणत नाही. ऑनलाइन दुकानांत पुस्तकांना लागणारे तांबं-चांदी-सोन्याचे बिल्ले तर विक्रीचे. जास्त खपलं एवढंच ते सांगतात. तुम्ही ‘गुणवत्ता’ हा शब्द वापरलात. तो शब्द जड आहे.

हे या छंदात पहिल्यांदा घडत नाहीये. २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर खुला परवाना आला आणि बाहेरच्या प्रकाशकांचा पूर लोटला. काही पुस्तकं उत्तम होती. बरीच नव्हती, आणि दुकानाच्या फळीवर दोन्हींवर, या खेळाशी जुळतं असं सांगणारा, एकच डी ट्वेंटीचा लोगो. २००३ साली नियमांची सुधारित आवृत्ती आल्यावर जुना साठा दुकानदारांच्या गळ्यात पडला, आणि ते थर्ड पार्टी म्हटलं की हात आखडायला लागले. लोगो सगळ्यांना सारखा मिळाला की चांगल्याचंही मोल जातं. तुमचा शिक्का उद्या तेच करेल, फक्त आपल्या छोट्याशा वर्तुळात.

आणि मीही धुतल्या तांदळासारखा नाही. तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या बसमध्ये, चाकण ते चिंचवड अशा दोन फेऱ्यांत वाचलेल्या एका पुस्तकाला मी पाच तारे दिले होते, ‘नक्की चालवा’ असं लिहून. नाशिकच्या एका मुलानं माझ्या भरवशावर ते घेतलं आणि महिन्यानं मला विचारलं की तिसऱ्या भागातल्या सरदाराचं तुम्ही काय केलंत, तो तर दुसऱ्या भागात मरतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते परीक्षण मी काढलं नाही, वर एक ओळ घातली: न खेळता लिहिलं होतं, क्षमस्व.

वेळेचं म्हणाल तर धंद्यातला साधा उपाय सांगतो. पाचशे नगांच्या लॉटमधले पाचशे कोणीच मोजत नाही. नमुना काढतात. पूर्ण कॅम्पेन चालवू नका. एक सेशन चालवा, तीन-चार खोल्या. बाकीच्यासाठी पेन्सिल घ्या आणि नकाशावर फिरा. प्रत्येक बंद दारापाशी थांबून विचारा, किल्ली कुठे आहे आणि तिथवर पाय पोचतो का. प्रत्येक अनिवार्य धाग्यापाशी थांबून विचारा, हा हुकला तर काय. पहिल्या तीन चकमकींचा हिशेब मांडा. एखाद्या खोलीत राक्षस, त्याचा तक्ता आणि खजिना शोधायला किती वेळा पानं उलटावी लागतात ते मोजा. ६४ पानांच्या पुस्तकाला एक संध्याकाळ लागते. मी घड्याळ लावून केलंय. नववी खोली मला पेन्सिलीनं विसाव्या मिनिटाला सापडली असती, मी ती आधी उचलली असती तर.

मागण्या अशा आहेत.

१. प्रत्येक परीक्षणाची पहिली ओळ: खेळून की वाचून. खेळून असेल तर किती सेशन, किती खेळाडू, कोणती लेव्हल, आणि नियम २०१४ चे की २०२४ चे.

२. डीएमला कुठे कुठे हातचं घालावं लागलं त्याची यादी. दोन ओळींची असली तरी चालेल. ही यादी नसलेल्या परीक्षणात तारे देऊ नका.

३. शिक्का द्यायचाच असेल तर निदान दोन वेगवेगळ्या डीएमनी, लेखक हजर नसताना, फक्त छापलेल्या मजकुरावर चालवलेल्या पुस्तकालाच. लेखकानं स्वतः चालवलेला खेळ चाचणीत धरू नका. पुरवठादारानं स्वतःच भरलेला इन्स्पेक्शन रिपोर्ट आम्ही फाइलला लावतो, पण त्यावर माल आत घेत नाही. त्या दोन डीएमपैकी एक नवखा असावा, हीसुद्धा अट घाला. अनुभवी माणसाचा हात फार लवकर कानसकडे जातो.

४. फुकट आलेली प्रत असेल तर तसं लिहा.

५. या वर्षीची यादी मागे घेऊ नका. त्यातल्या आठ नावांपुढे ‘वाचून’ एवढा एकच शब्द घाला, आणि टांकसाळीच्या परीक्षणात दाराचा उल्लेख करा.

हे सगळं होईपर्यंत शिक्का पुढे ढकला. एवढंच मागणं आहे.

आता लेखकाबद्दल. दाराचं मी त्यालाही कळवलं, जरा भीतभीतच, कारण लिहिणाऱ्याचं काळीज मऊ असतं. दोन दिवसांत उत्तर आलं. आभार मानले होते आणि पुढे लिहिलं होतं की पुस्तकावर इतकी परीक्षणं आली, दाराबद्दल कोणीच काही बोललं नाही. घरच्या टेबलावर त्यानं स्वतः चालवलं तेव्हा किल्ली सहाव्या खोलीत ठेवली होती, छापताना हलवली. म्हणजे त्याला स्तुती मिळाली, मदत मिळाली नाही.

त्याची दुरुस्त पीडीएफ परवा आली. सहाव्या खोलीतून चौदाव्या खोलीच्या भट्टीत उतरणारं एक धुराडं काढलंय, अंगाला काजळी लागते आणि वरच्यांना आवाज ऐकू जातो. उंदीर चारवर आणलेत. मी गणित केलं: २०१४ च्या हिशेबानं बरोबर चारशे, प्राणघातकच्या रेघेवर. तेवढं त्याला कळवलंय.

येत्या रविवारी चार वाजता दुसऱ्या चौघांबरोबर ती टांकसाळ पुन्हा मांडतोय. या खेपेला डीएमच्या जागी भाची आहे, तिची पहिलीच वेळ, आणि मी शेजारी वही घेऊन गप्प बसणार आहे. मंडळातल्या एकानं यावं. खुर्ची आहे, चहा आहे. येताना पेन्सिल आणा.

आपला,
चिंचवडचा एक डीएम